"आमच्या वेळी कोणी रडलं नाही" म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, कमेंट कालच वाचली, वॉर्डात नाईट होती म्हणून उत्तर आज देऊन राहिलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, "आम्हीही ३६-३६ तास ड्युट्या केल्या, हॉस्टेलला कूलर नव्हता, बर्नआऊट हा शब्दही माहीत नव्हता, आजच्या पोरांत सहनशक्तीच नाही."

नागपूरचा मे महिना आणि कूलर नाही, त्याला तर दंडवत बाप्पा! आणि हेही कबूल, नाईटवरून आल्यावर झोपायचं सोडून दोन तास रील्स पाहणारे आम्हीच.

पण सर, मानसशास्त्रज्ञ मास्लाकबाईंनी १९८१ मध्ये बर्नआऊट मोजायची जी प्रश्नावली काढली तिच्यात थकवा हा तीनातला एकच भाग आहे. आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं हा दुसरा, आणि पेशंट माणूस न वाटणं हा तिसरा. हा तिसरा मी पाहिलाय. जेआर वन (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर) असताना पहाटे ४ वाजता १२ नंबर बेडचे आजोबा गेले आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर चला, सकाळचं एक ब्लड कलेक्शन कमी. वाईट वाटलं ते चार दिवसांनी, त्यांचा मुलगा गेटबाहेरच्या टपरीवर एकटाच चहा पिताना दिसला तेव्हा. सिनियरला सांगितलं तर तो हसून म्हणे, "झाला ना बे तू आता घट्ट!" तुम्ही ज्याला सहनशक्ती म्हणता त्यातली किती अशी "घट्ट" होती, हे मला खरंच विचारायचंय.

आणि तासांचं म्हणाल तर केंद्राच्या १९९२ च्या, रेसिडेंट डॉक्टरांसाठीच्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत, सलग १२ च्या वर नको. २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने सुचवलं ७४ च्या वर नको. म्हणजे ३२ वर्षांत आकडा उतरायचा तर चढला, आणि माझे ७४ तर शुक्रवारीच संपतात.

मी टिकलो ते योगा सेशनमुळे नाही (ते पोस्ट-ड्युटीच्या दुपारी ठेवलं होतं, अर्धे तिथेच झोपले), तर को-जेआर म्हणाला "दोन तास पड, कॉल मी घेतो" म्हणून.

तुमच्या कमेंटमध्ये शेवटी एक ओळ आहे, रूममेट सेकंड इयरला घरी गेला तो परत आलाच नाही. तो कूलरमुळे गेला होता का सर? कोणी विचारलं होतं त्याला?