'हे खाऊ नका'च्या यादीत नाश्ता कुठेच नव्हता

सकाळी सहा वाजता आमच्या ओट्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. सात खणांची, वार लिहिलेली निळी डबी नवऱ्याची आणि पांढरी बाटली माझी, थायरॉइडच्या गोळ्यांची. आणि या दोघींच्या मध्ये गेली अडीच वर्षं एकच प्रश्न उभा असतो, नाश्त्याला काय? हसू नका, ज्यांच्या घरी रक्त पातळ ठेवायची गोळी आहे त्यांना माहितीये मी काय म्हणतेय ते.

नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलली, मेकॅनिकल बसवली, म्हणजे वॉरफरिन, ती रक्त पातळ ठेवायची गोळी, आता जन्मभर. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक छापील कागद ठेवला, त्यावर काय खायचं नाही त्याची यादी. पालक नको, कोबी नको, ब्रोकोली नको, ग्रीन टी नको, अजून बरंच काय काय नको. कागद उलटून बघितला, मागे कोरा. मी तिथल्या सिस्टरना विचारलं, अहो मग सकाळी द्यायचं काय? त्या म्हणाल्या, "हलकं काहीतरी द्या." हलकं काहीतरी! हे उत्तर ज्याने शोधून काढलं त्याने एकदा माझ्या स्वयंपाकघरात सकाळी उभं राहून दाखवावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की औषधांच्या पथ्यात खरी अडचण 'काय खाऊ नये' ही नसतेच फारशी. बहुतेक वेळा प्रश्न 'किती वाजता' आणि 'रोज तेवढंच का' हा असतो. आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही, कारण नको म्हणणं सोपं, एका शब्दात उरकतं.

मला हे कसं कळलं ते सांगते, त्यात माझाच मूर्खपणा आहे.

ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी सगळं रुळावर आलं होतं. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तो आमच्यासाठी डॉक्टरांनी २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलेला, आणि तो छान २.८ ला बसला होता. मग मला उत्साह आला. कागद तोपर्यंत ड्रॉवरमध्ये गेलेला, आणि इंटरनेटवर 'हार्टसाठी हेल्दी ब्रेकफास्ट' शोधलं की दहापैकी आठ ठिकाणी हिरवीगार स्मूदी. वाटलं, कागदावर भाजी लिहिलीय, पेल्यात टाकून प्यायल्यावर ती भाजी थोडीच राहते (हो, मी खरंच असा विचार केला होता, लिहितानाही लाज वाटतेय). दोन मुठी पालक, एक केळं, थोडी जवस, मिक्सरमध्ये गर्र करून उंच पेला भरून रोज सकाळी. नवरा नाक दाबून प्यायचा बिचारा.

तिसऱ्या आठवड्यात आयएनआर १.७.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या चुकल्या का? नाही चुकल्या, डबी दाखवली, खण रिकामे. मग डोस वाढवला. घरी येऊन मी कागद परत काढला, वाचला, घाबरले आणि हिरवं म्हणून जे काही होतं ते एका दिवसात घराबाहेर. डोस वाढवलेला आणि पालक एकदम बंद, दोन्ही एकाच वेळी, आणि मी कोणालाच सांगितलं नाही. आठ-दहा दिवसांनी नवरा दात घासत होता आणि बेसिनमध्ये गुलाबी फेस. मला वाटलं टूथपेस्ट. नव्हती ती टूथपेस्ट. आयएनआर ४.४.

त्या वेळी एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "सकाळी काय खाता तुम्ही दोघं? महिन्याभरात काय बदललं?" इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. मी स्मूदीची सगळी कथा सांगितली, त्या आधी हसल्या आणि मग समजावून सांगितलं, ते असं. रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर तयार करतं, त्यासाठी त्याला के व्हिटॅमिन लागतं, आणि वॉरफरिन त्या व्हिटॅमिनचा पुन्हा पुन्हा होणारा वापर अडवतं. माणसाला दिवसाला साधारण शंभरेक मायक्रोग्रॅम के पुरतं, आणि शिजवलेल्या पालकाच्या फक्त अर्ध्या कपात चारशेच्या वर असतं. म्हणजे मी रोज सकाळी औषधाच्या विरुद्ध बाजूला पैलवान उभा करत होते आणि मग एक दिवस त्याला न सांगता काढून घेतला. "पालेभाजी खाऊ नका असं नाही," त्या म्हणाल्या, "जेवढी खाता तेवढी दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, डोस आम्ही त्याच्यावर बसवू."

डोस ताटावर बसवता येतो! हे एक वाक्य त्या कागदावर असतं तर माझा एक महिना आणि नवऱ्याच्या हिरड्या दोन्ही वाचल्या असत्या.

(जाता जाता, हे वॉरफरिन मुळात १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले. नवऱ्याला हे कळल्यापासून तो रोज संध्याकाळी गोळी घेताना माझ्याकडे संशयाने बघतो.)

तेव्हापासून आमचा नाश्ता मुद्दाम कंटाळवाणा केलाय. तीन प्रकार, तेच फिरवून फिरवून. पहिला, रात्री डब्यात ओट्स दह्यात भिजत घालायचे, सकाळी वरून केळं किंवा सफरचंद चिरून, बास. दुसरा, उकडलेली अंडी आणि टोस्ट. अंडी मी सहा एकदम उकडते, सालासकट फ्रीजमध्ये ठेवते, आठवड्याभरात संपतातच. तिसरा, टोस्टला पीनट बटर आणि सोबत एखादं फळ. यात के व्हिटॅमिन इतकं कमी आहे की उद्या अंड्याऐवजी ओट्स झाले तर आयएनआरला पत्ताही लागत नाही. हिरवी भाजी जेवणात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटीने. वाटी तीच, हे महत्त्वाचं, कारण माझ्याकडे 'एक वाटी' म्हणजे चार वेगवेगळ्या मापांच्या चार वाट्या आहेत. तुमच्याकडेही असतील.

आणि ते डब्यातलं ताकदीचं पावडर दूध असतं ना, घाईच्या सकाळी 'एक पेला घेतला की झाला नाश्ता' म्हणून विकतात ते? त्याच्या मागे बारीक अक्षरात बघा. बऱ्याच पावडरींमध्ये के व्हिटॅमिनही असतं आणि लोह-कॅल्शियमही. रोज ठरलेलं घेत असाल आणि डॉक्टरांना माहिती असेल तर चालेल, पण मनाला वाटलं त्या दिवशी एक पेला असं नको.

आता माझी बाजू. मला थायरॉइडची गोळी, ती रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी तर नाहीच नाही, कॉफीने ती गोळी नीट शोषलीच जात नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी गोळी आणि कॉफी एकाच घोटात घ्यायचे. गोळी घेतेय, टीएसएच म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा खाली येत नाहीये, डोस वाढतोय, आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय की माझं शरीरच वेगळं आहे. शरीर वेगळं बिगळं काही नव्हतं, कॉफी होती.

त्यात हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी लागली आणि हाडांसाठी कॅल्शियम. या दोन्ही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर पोटातच तिला धरून बसतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. शिवाय लोह आणि कॅल्शियमचंही एकमेकांशी पटत नाही. लोहाला चहाही चालत नाही, सी व्हिटॅमिन असलेलं काही असेल तर बरं. आता घड्याळ मांडून बघा. सहाला थायरॉइड, सातला नाश्ता, अकराला लोह, दुपारी जेवणाबरोबर कॅल्शियम, मधे चहा कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा. फ्रीजवर चिकटवलेला तो कागद बघून मुलगी म्हणाली, आई हे रेल्वेचं टाइमटेबल आहे का.

एक गंमत अजून, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. 'कॅल्शियमयुक्त', 'लोहयुक्त' असं ठळक अक्षरात लिहिलेले ज्यूस, सोया दूध, सीरियल हे सगळं आपण चांगलं म्हणून नेमकं नाश्त्यालाच आणतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात ते पोटात गेलं की चार तासांचा नियम गेला उडत. गोळी लांब ठेवली आणि तीच गोष्ट वाडग्यातून खाल्ली.

दुधाचं तर अँटिबायोटिकशीही वाकडं असतं कधीकधी. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही नावं चिठ्ठीवर दिसली तर विचारूनच घ्या, कॅल्शियम यांनाही चिकटतं. आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, कडक गोळी दुधाबरोबर घ्यावी म्हणजे पोटात आग पडत नाही. काही गोळ्यांना हे ठीकही असेल, पण या दोन्हींना नाही. पाच दिवसांचा कोर्स दुधाबरोबर घेऊन 'औषधाला गुणच नाही' म्हणणारी माणसं माझ्या घरातच निघाली.

आणि आमच्या मोठ्या जाऊबाई! त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, कोणीतरी सांगितलं ग्रेपफ्रूट चालत नाही. झालं, बाईंनी दोन वर्षं द्राक्षं सोडली. मुलं समोर बसून घोसच्या घोस खातायत आणि या बघतायत. अहो वहिनी, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे हो! ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, पपनसासारखं मोठं फळ, आणि पपनसही त्याच यादीत येतं. या फळाने आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पडतं, मग औषध रक्तात जास्तच चढतं, आणि एक पेला रसाचा परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो, त्यामुळे 'गोळी रात्री घेतो, रस सकाळी पितो' ही पळवाट इथे चालत नाही. हे सापडलं तेही चुकूनच. १९८९ मध्ये कॅनडात ब्लडप्रेशरचं एक औषध आणि दारू यांचा प्रयोग चालला होता, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची पातळी भलतीच वर गेलेली दिसली. दारूवर संशय, आणि गुन्हेगार निघाला रस. बरं, सगळ्या स्टॅटिनना, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना, हे लागूही नाही, सिमवास्टॅटिन आणि अटोर्वास्टॅटिनला आहे, रोसुवास्टॅटिनला नाही. वहिनींची रोसुवास्टॅटिन होती. म्हणजे द्राक्षं सोडायचं तर कारण नव्हतंच, पपनस सोडायचंही नव्हतं. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग त्यांनी ज्याने सांगितलं त्याचा उद्धार केला, तो इथे लिहीत नाही.

म्हणून मी आता डॉक्टरांना 'पथ्य काय' असं विचारतच नाही. त्या प्रश्नाला यादीच मिळते. मी विचारते, आम्ही रोज सकाळी हे हे खातो, यातलं काय हलवायचं आणि किती तास? असं विचारलं की उत्तर सरळ येतं, आणि निम्म्या वेळा उत्तर 'काहीच हलवू नका' असं असतं. औषधाच्या दुकानात गर्दी नसेल तेव्हा फार्मासिस्टही छान सांगतात, फक्त सगळ्या गोळ्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नावं आठवत बसू नका.

असंच विचारताना एकदा मी आमच्या डॉक्टरांकडे रडगाणं गायले, की मला उठल्या उठल्या कॉफी लागते हो, तो एक तास मी माणसात नसते. ते म्हणाले, मग रात्री घ्या की गोळी, जेवणानंतर तीन तास गेले की. एवढंच! दोन वर्षं कॉफीशी भांडले, आणि हा पर्याय होताच, मी विचारला नाही आणि कोणी सांगितला नाही. कॅल्शियम दुपारीच ठेवलं, रात्री साडेआठच्या आत जेवायचं आणि साडेअकराला गोळी. दीडेक महिन्याने टीएसएच तपासला, जागेवर.

आता सहा वाजता मी कॉफी घेते, गरम, पूर्ण कप. तक्रार फक्त नवऱ्याची आहे. तो म्हणतो पूर्वी तुझा तो कॉफीशिवायचा एक तास तू कोणाशी बोलायची नाहीस, मला पेपर शांतपणे वाचता यायचा.