रेटिंग किती, एवढंच विचारा!

पार्क चौकात चहाला टेकलो तरी तेच. "काका, तुमचं इंजिन किती रेटिंगचं?" रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा. अरे, बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, म्हणजे इंजिन आहे ते, की चादरीचा माग, दिवसाला किती नग निघाले तेवढंच मोजायला? शेंगाचटणी काय कॅलरी विचारून खाता?

परवा माझ्या इंजिनाचा एक डाव दाखवला. घोडा फुकट दिलेला, समोरचा राजा भर पटावर उघडा, बघताना घशात आवंढा. पोरट्यानं मोबाइल काढला, स्टॉकफिश हे तगडं इंजिन लावलं, "उणे दोन" (म्हणजे दोन प्याद्यांइतकं मागे) म्हणालं आणि मोबाइल खिशात. संपला विषय! मिखाईल टाल १९६० साली जगज्जेता झाला, तो काय दशांश चिन्हं बघून मोहरे फेकत होता?

आणि २०१७ चं विसरलात? स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो इंजिनानं स्टॉकफिशशी १०० डाव खेळले. २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार शून्य. सेकंदाला ऐंशी हजार स्थिती बघणारा गडी सात कोटीवाल्याला पुरून उरला! (सामन्याच्या अटींवरून भांडणं झाली, ती वेगळी.) पण लोक वेडे झाले ते त्या आकड्यांनी? छे! प्यादी उधळून समोरच्याचा श्वास कोंडायची ती रीत बघून.

आता सगळेच बलदंड. दोन इंजिनं समोरासमोर बसवली की बरोबरी, बरोबरी, पुन्हा बरोबरी. म्हणून इंजिनांच्या स्पर्धेत सुरुवातच मुद्दाम वाकडी, एका बाजूला झुकती, लावून द्यायची! मग कसली ताकद मोजताय बे?

एवढं घसा फोडून सांगितलं. पोरगं चहा संपवून म्हणतं, "ते बरोबर आहे काका, पण रेटिंग?"