टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांसमोर पाथरवटाची छिन्नी होती, हे मला ठाऊक आहे. तरीही गेल्या महिन्यापासून ती म्हण माझ्या माशांच्या टाकीवरच बेतलेली असावी असे मला वाटू लागले आहे. फरक इतकाच, की इथे घाव दगडाला बसले नाहीत. ते माझ्या बोटांना, कमरेला आणि घरातल्या इभ्रतीला बसले, आणि देवपण मात्र कोणालाच आले नाही.

माझी अपेक्षा माफक होती. १२० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ५० उंच अशी काचेची टाकी, तिच्यात काळ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी, आणि तळाला वाळू. त्या उजाड माळावर चार-पाच मोठे दगड रचावेत, त्यांत दोन-तीन कपारी असाव्यात, माशांनी त्यांतून ये-जा करावी आणि मी समोर खुर्ची टाकून ते पाहत बसावे, एवढेच. दगड ठेवायला अक्कल लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दगड ही मुळात ठेवलेलीच वस्तू असते.

दगडांच्या चारित्र्याची चौकशी मात्र मी रीतसर केली. त्यांच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे येतात का ते पाहिले, कारण बुडबुडे आले तर त्यात चुनखडी असते आणि ती हळूहळू विरघळून पाण्यातले क्षार वाढवते. एक पांढुरका दगड इतका फसफसला, की त्याला तिथल्या तिथे निरोप द्यावा लागला. उरलेल्यांना गरम पाण्याने आणि ब्रशाने घासले. दगड उकळायचे मात्र नसतात, कारण आतल्या भेगांमध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. हे मला दगड पातेल्यात घातल्यावर कळले. तो दगड पातेल्यात आहे, हे पातेल्याच्या मालकिणीला त्याच्याही आधी कळले होते.

मग मी ते सारे दगड वाळूवर झोकात रचले. अमानो ताकाशी (१९५४ ते २०१५) या जपानी कलावंताने टाकीतल्या दगडांच्या रचनेला एका कलेचा दर्जा मिळवून दिला. त्या शैलीत दगडांची संख्या विषम असावी, मुख्य दगड बरोबर मध्यावर नसावा, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे अदबीने झुकावे, असा संकेत आहे. मी पाच दगड घेतले. मुख्य दगड काळ्या पाषाणाचा आणि बारा किलोंचा होता. त्याला मध्यापासून थोडे बाजूला उभे केले आणि बाकीच्यांना झुकवले. दोन तास मी त्या दृश्यावर बेहद्द खूश होतो. आपले मासे कोणत्या जातीचे आहेत, याचा या कलाविचारात मी अंतर्भाव केला नव्हता.

ते होते कॉन्व्हिक्ट सिक्लिड. मध्य अमेरिकेतला हा मासा अंगावरच्या पट्ट्यांमुळे कैद्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हे नाव पडले. कैद्याने तुरुंगात भुयार खणावे यात नवल नव्हते, पण हे माझ्या ध्यानात उशिरा आले. ही जोडी अंडी घालायला दगडाखालची जागा शोधते आणि ती पुरेशी ऐसपैस नसली तर तोंडाने वाळू उचलून बाहेर टाकत राहते. मुख्य दगडाखाली त्यांनी आठवडाभर काम केले. आठव्या रात्री बाहेरच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला.

तो आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरे झाले असते. हा आवाज म्हणजे कोणीतरी काचेवर नखाने टिचकी मारून ‘आहात का?’ असे विचारावे तसा होता. धावत जाऊन दिवा लावला. मुख्य दगड पुढे कलंडून समोरच्या काचेला डोके टेकवून उभा होता, आणि त्याच्या पायाशी कैदी पती-पत्नी पुढच्या खणकामाची आखणी करत होते. काच फुटली नव्हती. मात्र पुढचा तासभर मी तिला हात लावून उभा राहिलो, जणू २४० लिटर पाणी बाहेर निघालेच तर ते मी तळहाताने अडवणार होतो.

“एवढ्या वजनाने खाली फुटायची नाही ना हो?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता, पण रोख चुकीचा होता. २४० लिटर पाण्याचे वजन २४० किलो असते आणि ते टाकी रोज निमूटपणे पेलते. त्यात पाच दगड मिळून चाळीस किलोंचे असले, तरी ते आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारतात. भर पडते ती पंचवीस-सव्वीस किलोंची. मजबूत, सपाट बैठकीवर बसलेल्या टाकीला तेवढ्याची क्षिती नसते. खरा वैरी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा एक टोकदार खडा. काच दाबाला कणखर आणि ताणाला हळवी असते. बारा किलोंचा दगड सपाट बुडावर बसला तर ती हूं की चूं करत नाही, पण तोच दगड एका खड्यावर किंवा आपल्याच एका टोकावर टेकला की सगळा भार त्या एका बिंदूवर उतरतो, आणि तिथे डोळ्यांना न दिसणारा ओरखडा असेल तर तडा तिथूनच निघतो. तळाची काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असेल, तर तड्यावर भागत नाही. तिचा एकदम चुरा होतो. हे सगळे मी बायकोला रात्री अडीच वाजता समजावून सांगितले. तिने फक्त गालिचा गुंडाळून आत नेला.

सकाळी फेरमांडणी सुरू झाली. नियम साधा होता. दगड आधी, वाळू नंतर. दगड थेट तळावर, मधे मऊ आवरण घालून पक्के बसवायचे आणि मग त्यांच्याभोवती वाळू ओतायची, म्हणजे माशांनी कितीही खणले तरी पाया हलत नाही. नियम एका वाक्यात मावतो. अंमलबजावणी मात्र पूर्ण रविवार खाते.

मासे बादलीत गेले. अर्धे पाणी पिंपात गेले, वाळू घमेल्यात. मग मी बाह्या सरसावून मुख्य दगड उचलला आणि तो चक्क हलका लागला. पाण्यात बुडालेला दगड आपण बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका हलका भासतो. बारा किलोंचा तो पाषाण पाण्याखाली जेमतेम आठ किलोंचा होता. ‘वाटले तितके अवघड नाही,’ असे मी मोठ्याने म्हणालो आणि दगड पृष्ठभागाबाहेर काढला, तेव्हा त्याने उरलेले चार किलो एकदम वसूल केले. माझ्या कमरेतून जो आवाज आला, तोही ‘टक्’ असाच होता.

तळावर अंथरायला मी आधी फोमचा पातळ तुकडा घेतला. टाकीभर अंथरलेला फोम दगड येण्याची वाट न पाहता तरंगून वर आला. म्हणून प्रत्येक दगडाच्या बुडापेक्षा थोडा लहान असा तुकडा कापून त्याच्याखालीच दाबायचा, हे शहाणपण सुचले. काही जण ट्यूबलाइटखाली लावतात तसली चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी वापरतात. तिच्यावर दगड घसरत नाहीत हे खरे, पण तिच्या कडा मला काचेइतक्याच कठोर वाटल्या.

आता खरा प्रसंग आला. टाकीच्या तोंडावर मधोमध काचेची आडवी पट्टी होती, त्यामुळे एका बाजूने दोन हात, दगड आणि माझी मान एवढे सगळे एकदम आत जाणे भाग होते. आत गेल्यावर मला दगडाखेरीज काहीच दिसेना. समोर बसून मार्गदर्शन करण्याचे काम सौभाग्यवतींकडे होते.

“डावीकडे घ्या.”

“तुझ्या डावीकडे की माझ्या?”

“दगडाच्या!”

दगडाचे तोंड कोणत्या दिशेला मानायचे, यावर आमच्यात मतभेद होते, आणि ते मतभेद मिटेपर्यंत बारा किलो माझ्या दहा बोटांवर तोललेले होते. अखेर तो जागेवर उतरला, आणि मग लक्षात आले की बोटे त्याच्याखालीच आहेत. दगडाखाली हात सापडणे हा वाक्प्रचार मी आयुष्यभर कर्जाच्या संदर्भात वापरत आलो होतो. हात ओढून काढला तर दगड दोन बोटे उंचीवरून काचेवर आपटणार, आणि न काढला तर मी उरलेले आयुष्य टाकीत मान घालून काढणार. शेवटी बायकोने जुन्या ओढणीच्या दोन पट्ट्या फाडून दिल्या. दगड पुन्हा उचलला, पट्ट्यांच्या झोळीत घातला, तिने एक बाजू धरली, मी दुसरी धरली, आणि तो इतक्या हलकेच टेकला की आवाजच आला नाही. पट्ट्या बाजूने अलगद ओढून घेतल्या. हे आधीच का नाही केले, असे तिने विचारले नाही. तिचे न विचारणे मला स्पष्ट ऐकू आले.

वरचे दोन दगड सिलिकोनने, म्हणजे टाकीच्या काचा ज्या गोंदाने जोडतात त्यानेच, खालच्या दगडांना चिकटवले. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन चालत नाही, दगड कोरडे लागतात आणि जाड थर वाळायला दोन दिवस जातात. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचाच वास येतो, त्यामुळे पांढुरका दगड परत आला की काय अशी शंका घरात व्यक्त झाली.

पाणी भरल्यावर पुन्हा धडकी भरली. दगड आणि काच यांच्यात पुसण्यासाठी चार बोटे अंतर ठेवले होते, ते आता तीनच दिसू लागले. पाण्यातली वस्तू काचेबाहेरून पाहिली की खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसते, हे शाळेत शिकलेले प्रकरण मला फूटपट्टी घेऊन पुन्हा पडताळावे लागले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा सिलिकोन नव्हते. लोखंडी चौकटीत काचा बसवून लांबीने, म्हणजे पुट्टीने, सांधे भरत. ती माणसे रात्री कशी झोपत असतील, याचा विचार करत मी झोपलो.

रात्री ‘टक्’.

या वेळी मी टॉर्च घेऊनच निघालो. कैद्यांनी मुख्य दगडाभोवतीची वाळू थेट फोमपर्यंत उपसली होती. दगड तसूभरही हलला नव्हता. नर पुढे आला, त्याने माझ्याकडे पाहत तोंडातला खडा समोरच्या काचेवर थुंकला आणि तो दुसरा आणायला मागे वळला.

“फुटली का?” आतून आवाज आला.

“नाही.”

“मग दिवा बंद करा. त्यांना काम करू द्या.”