फोटोमागे नावं लिहून घ्या हो, सांगणारी माणसं आहेत तोवर

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहिते आहे, लांब होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

नागपूरच्या ट्रॅफिक पार्ककडून फिरून परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी कबाड्याचा ठेला उभा. रद्दी, एक मोडका कूलर, पितळी डबे आणि वर एक मोठी फ्रेम आडवी टाकलेली. आत नऊवारीतली बाई, काळी टोपी घातलेले गृहस्थ आणि मध्ये दोन वेण्यांची रिबिनीवाली पोरगी, घाबरून कॅमेऱ्याकडे पाहणारी. मी पाहते आहे म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला, "आंटी, फ्रेम अच्छी है, सागवान की है. फोटो निकाल के दे दूँगा." त्याची काही चूक नाही, त्याला लाकडाचे पैसे मिळतात, माणसांचे नाही. पण ज्या घरातून ती फ्रेम बाहेर आली त्या घरात एकालाही वाटलं नाही की निदान फोटो काढून ठेवावा? घर पाडून फ्लॅट स्कीम होणार असेल, घाई असेल, सगळं मान्य. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात. मागे चार खिळे असतात फक्त.

आणि घरी येऊन मोबाइल उघडते तर फॅमिली ग्रुपवर आमच्या भावाचा मेसेज. "ताई, पोळ्याच्या आधी तो नंदीवाला माणूस येणार आहे, माळ्यावरचा जुना नंदी देऊन टाकू, चांगली किंमत देतो म्हणतो." खाली पुतण्याचा अंगठा. भाचीचाही.

या नंदीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. नागपूरच्या लोकांना तान्हा पोळा काय ते सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडचे मित्र आहेत लिस्टमध्ये म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडाचा बैल, म्हणजेच नंदी, सजवून घरोघरी नेतात, लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ. १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी पोरांसाठी हा पोळा सुरू केला असं सांगतात. नागपुरातल्या जुन्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे नंदी आहेत, गुडघ्याएवढे, कमरेएवढे. आमच्या घरातलाही तसाच, चाकांवरचा, एका शिंगाचं पितळी टोपण गेलेलं. पण आमच्या लहानपणी तो कधीच बाहेर निघाला नाही. आम्ही रडायचो, हट्ट करायचो, शेजारच्यांचे मोठमोठे नंदी निघायचे आणि आम्हाला इतवारीच्या बाजारातून आणलेला छोटासा नवा नंदी हातात द्यायचे. का, तर आजी नाही म्हणते. का नाही म्हणते ते कोणी सांगत नव्हतं आणि आपल्या घरांमध्ये विचारायची पद्धतही नव्हती.

बाबा गेल्यावर त्यांच्या आलमारीच्या खालच्या खणात अल्बम सापडला, जुना, काळ्या कागदाचा, कोपऱ्यांत फोटो खोचलेला, मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. त्यात एक फोटो होता नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या अंगणातला. पाच-सहा पोरं, प्रत्येकाच्या हाती नंदीची दोरी, आणि मधल्या पोराकडे आमचा हाच नंदी, दोन्ही शिंगांना टोपणं, गळ्यात घुंगरांची माळ. घरात सगळे म्हणत होते की ते बाबा आहेत. मी रिटायर झाल्यावर, हातात वेळ आल्यावर, तो अल्बम घेऊन मोठ्या आत्याकडे गेले. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिनं चष्मा पुसला, फोटो डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "अगं, हा तुझा बाप नाही बाई. हा त्याच्या पाठचा."

बाबांना आणखी एक धाकटा भाऊ होता हे आम्हाला माहितीच नव्हतं! सातव्या वर्षी तापानं गेला, पावसाळ्यात, तो पोळा झाल्यावर. त्यानंतर आजीनं नंदी माळ्यावर टाकला तो कायमचा. त्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही, ते फोटोच्या मागे लिहिलंय, आत्यानं सांगितलं तसं, तिच्यासमोर बसून.

आता सांगा, हा नंदी काय नुसतं लाकूड आहे?

मी आयुष्यभर एजी ऑफिसला, म्हणजे महालेखापालांच्या ऑफिसात, काम केलं, पेन्शनच्या सेक्शनमध्येच बरीच वर्षं. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य सरकारच्या लोकांची पेन्शन प्रकरणं आमच्याकडे यायची. तिथे मी पाहिलंय नावाचं काय होतं ते. सर्व्हिस बुकात बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं, माहेरचं वेगळं, कारकुनानं तिसरंच काहीतरी लिहून ठेवलेलं, आणि नवरा गेल्यावर त्या बाईनं फॅमिली पेन्शनसाठी चकरा मारायच्या, मीच ती हे सिद्ध करत फिरायचं. रिटायर होताना पेन्शनच्या कागदांबरोबर नवरा-बायकोचा जॉइंट फोटो लागतो. कितीतरी फाइलींमध्ये मला कळायचं की या दोघांनी आयुष्यात एकत्र काढलेला हा पहिला आणि एकुलता एक फोटो असणार, बाई पदर घट्ट धरून बसलेली, दोघांमध्ये वीतभर अंतर, मागे स्टुडिओचा निळा पडदा. एवढ्या वर्षांचा संसार आणि एक फोटो, तोही सरकारनं मागितला म्हणून. मी त्या फोटोला कधी पिन टोचू दिली नाही सेक्शनमध्ये. लोक म्हणायचे मॅडम फार करतात. करते.

त्यामुळे हल्ली जो तो उठून रिटायर माणसांना "आता पसारा आवरा, कमी करा, सुटसुटीत राहा" असं सांगतो ना, त्याचा मला भयंकर राग येतो. वॉकिंगच्या ग्रुपमध्ये तेच, लग्नाला गेलं तर तेच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, बीपीची गोळी घ्यायची आणि घर रिकामं करून बसायचं, एवढंच उरलंय का आमचं? काल-परवा एक जण म्हणाली, "मुलांना त्रास नको म्हणून मी सगळं देऊन दिलं." बाई गं, मुलांना विचारलंस का? मुलं वीस वर्षांनी विचारतील, तेव्हा काय दाखवशील, रिकामी आलमारी?

बरं, फ्लॅट छोटे आहेत, मुलं पुण्यात टूबीएचकेमध्ये राहतात, तिथे कमरेएवढा नंदी ठेवणार कुठे, हेही खरंय. ठेवू नका. द्या कोणाला. पण देण्याआधी विचारून घ्या, लिहून घ्या की हे कोणाचं, कुठलं. माझं एवढंच म्हणणं आहे आणि ते कोणाच्या कानात शिरत नाही.

आमचा मुलगा फार गुणी, दिवाळीत आला तेव्हा त्यानं सगळे फोटो स्कॅन करून ड्राइव्हवर टाकले. कौतुक आहेच. पण फाइलींना नावं काय, तर आकडे. नाव नसलेला फोटो म्हणजे आमच्या भाषेत सही नसलेलं व्हाउचर, कोणी पास करणार नाही. त्याला म्हटलं आता माझ्याशेजारी बस आणि प्रत्येकाचं नाव टाक, तर म्हणे "आई, नंतर". नंतर कोण सांगणार रे बाबा? आत्या मागच्या महिन्यात मला दोनदा आईच्या नावानं हाक मारून राहिली होती. परवा तिला स्वतःच्या जावेचं नाव आठवलं नाही, किती वेळ ओठ हलवत बसली, मग म्हणाली चहा कर. मी चहा केला, पण माझ्या पोटात खड्डा पडला.

आमच्या बाबांचंच घ्या. इतवारी ते नागभीड नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर ते गार्ड होते. ती लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, ब्रॉडगेज करायला. मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम आहे, २००२ पासून, इंजिनं आहेत, कंदील आहेत, नातवंडांना जरूर दाखवा. पण भिवापूरहून ड्यूटी करून आले की बाबांच्या पिशवीला तिथल्या मिरचीचा वास यायचा आणि आई दारातच शिंकायची, हे कुठल्या म्युझियमात आहे? त्यांची ड्यूटीची डायरी माझ्याकडे आहे. गाडी किती मिनिटं लेट, का लेट, "रुळावर म्हशी" असं लिहिलंय एका पानावर, त्यांच्या तिरक्या अक्षरात. भाऊ म्हणतो कोण वाचणार. मी वाचते ना! दुपारी कूलर लावून, चष्मा लावून, मी वाचते.

आता चिडून झालं, कामाचं सांगते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, अगदी हलक्या हातानं, कडेला. बॉलपेन नको, दाबून लिहिलं की पुढून उमटतं. रंगीत फोटोची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल धरत नाही, मग कागदाच्या पाकिटावर लिहा आणि फोटो त्यात ठेवा. ते ऐंशी-नव्वदच्या काळातले चिकट पानांचे अल्बम, प्लास्टिकचा पापुद्रा उचलून फोटो दाबायचा ते, त्यातून फोटो बाहेर काढता आले तर काढा, तो गोंद पिवळा पडून फोटो खातो. निघत नसेल तर ओढू नका, फाटेल, आहे तसाच मोबाइलवर काढून घ्या. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कोणी कितीही सांगो. आणि माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात आपल्या स्लॅबखाली काय भट्टी होते माहिती आहे ना.

भावाला फोन केला मी दुपारी. आवाज चढला माझा, नाही म्हणत नाही. त्याला म्हटलं, ज्या पोराचा तो नंदी आहे त्याची या जगात तेवढीच एक वस्तू आहे. तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं." खरंय, त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मी आत्याकडे गेले तेव्हा तो बंगलोरला होता. म्हणून त्याच्यावरचा राग गेला. नंदी राहील आता. पुतण्याच्या पोरीला यंदा तो ओढायचा आहे म्हणे, चाकाला तेल घालावं लागेल, डाव्या मागच्या चाकाची खीळ ढिली आहे.

रविवारी सकाळी मी आत्याकडे चालले आहे, अल्बम आणि पेन्सिल घेऊन. मधल्या काकांच्या लग्नाचा मोठा ग्रुप फोटो राहिलाय, तीन रांगा आहेत, पहिली रांग जवळपास सगळी लागली. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, पांढरी टोपी, हातात छत्री, हे कोण ते आत्यालाही आठवत नाहीये. आमच्या नात्यातलं कोणी हे वाचत असेल आणि घरी म्हातारं माणूस असेल तर त्यांना फोटो दाखवा, खाली टाकते आहे, आणि मला फोन करा. रात्री कितीही वाजता केला तरी चालेल.