‘तयारी पक्की असेल तर भीती वाटत नाही’ हे खरं नाही

कॅम्पसचे दिवस आले की कोल्हापुरातल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘भावांनो, ज्याची तयारी पक्की त्याला मुलाखतीची भीती वाटतच नाही. खासबागेत उतरणारा पैलवान कधी थरथरतो का? मुलाखत पहिल्या तीस सेकंदांत ठरते आणि त्यात ९३ टक्के वाटा देहबोलीचा. तुमची भीती समोरच्याला लगेच दिसते. म्हणून आधी मन शांत करा, जमत नसेल तर गोळी मिळते. एकदा नोकरी लागली की भीती कायमची जाते.’

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी भरतीच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसतो. हा मेसेज वाचून आलेली पोरं माझ्यासमोर येतात. भीतीनं होत नाही एवढं नुकसान भीती वाटल्याच्या लाजेनं होताना मी बघतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

तयारी पक्की असली तरी भीती वाटते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. हे अ‍ॅड्रिनलिनचं काम आहे. समोर मोठं काहीतरी आहे म्हणून शरीर कंबर कसतं. अभ्यास किती झालाय हे त्याला ठाऊक नसतं, ती गोष्ट आपल्याला किती महत्त्वाची वाटते एवढंच त्याला कळतं. ज्या पोराच्या आईनं बचत गटाचं कर्ज काढून फी भरलीय, त्याची धडधड जास्तच असणार. त्यावरून त्याची तयारी मोजायची नसते.

पैलवानाचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणारा गडी डाव वाचून आलेला नसतो. गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, तालमीच्या मातीत रोज जोडीदाराशी झटून, वस्तादाची बोलणी खाऊन तो तिथवर पोचलेला असतो. आपली पोरं काय करतात? यूट्यूबवर उत्तरं ऐकतात, वहीत उतरवून पाठ करतात आणि तोंड उघडून पहिल्यांदा बोलतात ते थेट पॅनेलसमोर. मग बोबडी वळली तर त्यात त्यांचा काय दोष? सराव बोलायचा करायला हवा. रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका मित्राला समोर बसवा. त्याला मध्येच तोडायला सांगा, प्रश्न उलटसुलट विचारायला सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचं ऐका, कितीही नको वाटलं तरी. आणि शब्द न् शब्द पाठ करू नका, मुद्दे डोक्यात ठेवा. पाठांतरातला एक शब्द निसटला की मागचा सगळा डबाच रुळावरून घसरतो.

आता ९३ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून उचललेला आहे: शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. त्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. हा हिशेब भावना आणि आवडीनिवडीपुरताच आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका, हे मेहराबियन यांनी स्वतः सांगितलंय. ओतलेल्या भागात ब्लो होल, म्हणजे भोकं, का पडतात या प्रश्नाचं ९३ टक्के उत्तर खांद्यांतून देता येत नाही.

पहिल्या तीस सेकंदांचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे. गप्पा मारल्यासारखी मुलाखत घेणारा माणूस लवकर मत बनवतो. पण सगळ्यांना तेच प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला ठरलेले गुण, अशी बांधीव मुलाखत उमेदवार पुढे काम कसं करेल हे जास्त नेमकं ओळखते, असं १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या संशोधकांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडून दाखवलं. आणि सरकारी नोकरीच्या मागं असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं की केंद्र सरकारच्या क गटातल्या पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. यूपीएससीतसुद्धा एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५च आहेत.

‘भीती समोरच्याला लगेच दिसते’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. आपल्या आतली धडधड आपल्याला ढोलासारखी ऐकू येते, म्हणून ती टेबलापलीकडे पोचलीच असणार असं वाटतं. गिलोविच, सॅवित्स्की आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की आपल्या मनातलं लोकांना किती कळतं याचा अंदाज आपण फुगवून बांधतो. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांना हीच गोष्ट आधी समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं सुधारली. भीती फारशी दिसत नाही, हे नुसतं कळण्यानंच फरक पडला.

आणि समजा दिसली. एका पोराला मी ब्लो होलची कारणं इंग्रजीत विचारली. तो गप्प. फाइलच्या कडेवर अंगठा घासत राहिला, कपाळावर घाम. शेजारच्या ट्रेमधलं एक रिजेक्ट कास्टिंग मी त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “मराठीत सांग.” त्यानं भोकावरून बोट फिरवलं, तुकडा उजेडाकडं धरला. “साहेब, साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला असणार, नाहीतर व्हेंट नीट मारलेलं नाही. गॅस आत कोंडला.” आवाज थरथरतच होता. उत्तर मात्र बरोबर होतं आणि आम्ही त्याला घेतला. प्रत्येक पॅनेल असं सांभाळून घेईल असं नाही. पण “जरा गडबडलो, प्रश्न परत सांगता का?” असं सरळ म्हणणाऱ्याला मी तरी कधी कमी गुण दिलेले नाहीत.

‘आधी शांत व्हा’ या सल्ल्याबद्दल एवढंच सांगतो की उधळलेलं मन हुकमानं जागेवर येत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणारे जास्त चांगलं बोलले. धडधड तीच, तिला नाव वेगळं दिलं. शिवाय श्वास सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावला की ठोके थोडे उतरतात. आणि गेटबाहेरच्या टपरीवर एकामागून एक चहा मारू नका.

गोळीचा सल्ला कुणी देऊच नये. मेसेजमधली गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. डॉक्टर काही जणांना ती देतात, हे खरं. पण दमा असलेल्यानं ती घेतली तर श्वासनलिका आवळून जीवावर बेतू शकतं. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊन मुलाखतीला जाऊ नका.

राहिला शेवटचा मुद्दा, नोकरी लागली की भीती जाते. जात नाही, जागा बदलते. नवा ट्रेनी ड्रॉइंगवरचं एखादं माप न कळूनही विचारत नाही, कारण विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं सुपरवायझरला वाटेल. मग लॉट रिजेक्ट होतो, बोलणी बसतात आणि तो आणखी मिटतो. खिशात छोटी डायरी ठेवा, अडलेलं लिहा आणि त्याच शिफ्टमध्ये विचारा. पहिल्या महिन्यातले प्रश्न कुणाला खटकत नाहीत, सहा महिन्यांनी तेच खटकतात.

पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, शिफ्टच्या विचारानं उलटी होत असेल, मुलाखतीचा फोन आला की तो उचलवतच नसेल, तर ते डायरीनं भागणारं नाही. त्याला उपचार आहेत. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा १४४१६ या नंबरवर मोफत चालते, तिथं मराठीत बोलता येतं. ओपीडीसाठी सुट्टी मागायची हिंमत होत नसेल तर हा फोन रात्रपाळी सुटल्यावरही लागतो, कारण ती सेवा चोवीस तास सुरू असते.