‘जादा’ म्हणायला हवे होते: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बोटीवरच्या जेवणाविषयी मी लिहिलेल्या लेखाखाली आपण कोपरखैरण्याहून जी प्रतिक्रिया पाठवली आहे, तिला तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नसते, म्हणून हे स्वतंत्र उत्तर लिहीत आहे. गेली सहा वर्षे मी हा ब्लॉग लिहिते आहे. विरोधी मत मांडणारी एकही प्रतिक्रिया मी आजवर काढून टाकलेली नाही आणि आपलीही काढणार नाही. मात्र ती वाचल्यानंतर दोन दिवस माझे मन थाऱ्यावर नव्हते, हे लपवण्याचेही मला कारण दिसत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही, त्यांच्यासाठी घडलेली गोष्ट थोडक्यात सांगते. मी, माझे पती, माझा धाकटा भाऊ आणि भावजय असे चौघे सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. अशा बोटींवर मुख्य भोजनगृहातले आणि बुफेतले जेवण तिकिटातच धरलेले असते. त्याखेरीज जी खास रेस्टॉरंटे असतात, तिथे माणशी वेगळे पैसे पडतात. आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच दिवसांत येत असल्यामुळे अशा एका रेस्टॉरंटमधले टेबल आम्ही घरूनच आरक्षित केले होते. माणशी ४५ डॉलर आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, असे चौघांचे २१२ डॉलर ४० सेंट ठाण्यातून निघण्यापूर्वीच भरलेले होते. त्या रकमेबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. जेवण संपल्यावर काळ्या पाकिटातून जी पावती आली, तिच्यावर आणखी ७७ डॉलर ८८ सेंट लावलेले होते: शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) दोन डिशचे ४०, पाण्याच्या दोन बाटल्यांचे १६, माझ्या पतींना वाढलेल्या दुसऱ्या मुख्य पदार्थाचे १०, आणि या ६६ डॉलरवर १८ टक्के. त्याखाली टीपेसाठी एक ओळ रिकामी सोडलेली होती. टीप वरच्या आकड्यात आधीच धरलेली आहे, हे पतींच्या लक्षात आले नाही आणि त्यांनी त्या ओळीत १० डॉलर लिहून सही केली. एकूण ८७ डॉलर ८८ सेंट. आमच्या कार्डाला लागलेल्या ८६ रुपयांच्या दराने, परकीय चलनासाठी बँकेने घेतलेले साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावरचा जीएसटी धरून, ते साधारण ७,८७० रुपये झाले.

आता आपली प्रतिक्रिया. मी हिशेबात चूक केली आहे, ही पद्धत बोटींवर पहिल्यापासूनच आहे, आमच्या एजंटला आम्ही आधी विचारायला हवे होते, आणि ठाण्या-मुंबईच्या हॉटेलांतही सर्व्हिस चार्ज लावतातच, असे आपले चार मुद्दे आहेत. त्यांच्या आधी, अगदी सुरुवातीलाच, आपण हे वाक्य लिहिले आहे: “मेनूकार्ड वाचायचे कष्ट ज्यांना नकोत, त्यांनी समुद्रात जाण्याऐवजी मामलेदारची मिसळ खावी आणि घरी बसावे.”

हिशेबाची चूक मी मान्य करते. मूळ लेखात १८ टक्क्यांची रक्कम मी १३ डॉलर ६८ सेंट अशी लिहिली होती. पतींनी स्वखुशीने लिहिलेले १० डॉलर मी त्या टक्केवारीत चुकून धरले होते. ६६ डॉलरवर ती रक्कम ११ डॉलर ८८ सेंट होते. ३३ वर्षे बँकेत नोकरी केलेल्या व्यक्तीकडून १ डॉलर ८० सेंटची चूकसुद्धा व्हायला नको होती. ती आपण दाखवून दिलीत याबद्दल आभार. लेखात दुरुस्ती केली आहे. पण एवढी एक चूक सापडल्याबरोबर “बाकीचा लेखही असाच असणार” असे जे आपण पुढे लिहिले आहे, ते कोणत्या न्यायाने? आपण बाकीच्या एकाही आकड्याला हात लावलेला नाही.

आता मेनूकार्डाबद्दल. ते मी वाचले होते. एकदा नव्हे, दोनदा वाचले होते, कारण माझे पती शाकाहारी आहेत आणि परदेशात कोणत्या पदार्थात काय असेल याची चौकशी करण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते. मळकट पांढऱ्या जाड कागदावर करड्या शाईने छापलेले ते कार्ड होते, आणि टेबलावर मेणबत्तीएवढा एकच दिवा होता. तळाशी तिरप्या बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. मोबाइलचा प्रकाश पाडून मी त्यासुद्धा वाचल्या. खुणेची चांदणी असलेल्या पदार्थांना वेगळा आकार पडेल, असे त्यांत लिहिले होते आणि तशी चांदणी मांसाच्या दोन पदार्थांपुढे होती. ते पदार्थ आम्ही घेतलेच नाहीत. शेवंड त्या कार्डावर नव्हती. ती ट्रेमध्ये, बर्फावर मांडून, टेबलापाशी आणली गेली. “आज आमच्या शेफने तुमच्यासाठी खास काढली आहे,” असे अत्यंत अदबीने सांगितले गेले. माझा भाऊ आणि भावजय मासे खाणारे. समोर आलेली शेवंड पाहून दोघांनी मान डोलावली. जे कार्डावर छापलेलेच नाही, ते न वाचल्याचा दोष आपण आम्हाला देता, हे मला अजून उमगलेले नाही.

पाण्याचेही तेच झाले. साधे, बर्फ घातलेले पाणी त्या बोटीवर फुकट मिळते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी मुख्य भोजनगृहात कळले. इथे मात्र बसल्या बसल्या आम्हाला विचारण्यात आले ते एवढेच, की पाणी साधे हवे की बुडबुड्यांचे. प्रश्नच असा घातलेला होता की दोन्ही उत्तरे बाटलीकडेच जाणारी होती. आम्ही साधे म्हटले. आठ डॉलरची बाटली फुटली, ती संपल्यावर न विचारता दुसरी फुटली. आणि पतींचा दुसरा पदार्थ? शाकाहारी मुख्य पदार्थ एकच होता, तोही वाटीभर. ताटली रिकामी झालेली पाहून वाढणारा तरुण स्वतःहून वाकून म्हणाला, “तुम्हाला आवडलेले दिसते, आणखी एक आणू का?” पती हो म्हणाले. आपल्याकडे यजमान जेव्हा असा आग्रह करतो तेव्हा पाहुणा नाही म्हणत नाही, आणि आग्रहाचे बिल येत नाही.

आता मिसळीचे. आपण ते वाक्य मला कमी लेखण्यासाठी लिहिले आहे, हे उघड आहे. ठाण्याच्या तहसीलदार कचेरीजवळच्या त्या मिसळीवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या आहेत. तिथे बसणाऱ्याला आपण काय खाणार आणि किती देणार, हे घास तोंडात जाण्यापूर्वी ठाऊक असते. म्हणून ती जागा आपण अपमान करण्यासाठी वापरावी, याचे मला वाईट वाटले. माझ्यासाठी ही गोष्ट केवळ गावाच्या अभिमानाची नाही. माझ्या वडिलांची नौपाड्यात खानावळ होती. ते आपल्याला ठाऊक असणे शक्य नव्हते, पण ठाऊक नसलेल्या माणसाविषयी लिहिताना थोडे जपून लिहावे, एवढी अपेक्षा मी करू शकते.

त्या खानावळीत वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतले कामगार आणि बाहेरगावाहून नोकरीला आलेले एकटे कारकून जेवायला येत. बहुतेकांचे महिन्याचे खाते असे. लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येकाचे पान, त्यात खाड्यांची नोंद, आणि महिनाअखेर खाडे वजा करून होणारी बेरीज. शाळेत असताना त्या बेरजा मी करीत असे. हात धुण्याच्या मोरीशेजारी खिळ्याला एक काळा फळा टांगलेला होता. त्यावर रोज सकाळी वडील स्वतः खडूने लिहीत: ताटात काय आहे, ताटाचा दर काय, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘जादा पोळी २५ पैसे, जादा भाजी ५० पैसे’. फळा मोरीशेजारी का, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की हात धुताना माणूस उभा असतो, त्याची नजर तिथे जाते, आणि पाटावर बसण्याआधी त्याला सगळे कळते.

पण फळ्यावर लिहून ते थांबले नव्हते. वाढणाऱ्या मुलांना त्यांनी दोन वेगळी वाक्ये शिकवली होती. आमटी, भात, ताक यांना वेगळे पैसे नव्हते, तिथे मुलाने म्हणायचे, “वाढू का?” पाचव्या पोळीला पैसे होते, तिथे म्हणायचे, “जादा आणू का?” जेवणारा ‘जादा’ हा शब्द ऐकला की ठरवत असे. खिशात तेवढे असले तर हो म्हणे, नसले तर ताकावर भागवी, आणि दोन्ही वेळा त्याला कुणापुढे मान खाली घालावी लागत नसे. एका नव्या मुलाने पोळीसाठी “वाढू का?” असे विचारले, म्हणून त्या पोळीचे २५ पैसे वहीतून खोडताना मी वडिलांना पाहिले आहे. बेरीज मीच केलेली होती आणि ती मला पुन्हा करावी लागली.

माझे म्हणणे एवढेच आहे, महोदय. बोटीवरच्या त्या तरुणाने ‘वाढू का’ म्हटले आणि ‘जादा’चे पैसे लावले. जादा पैसे घेण्याला माझा विरोध नाही. पन्नास पैशांच्या भाजीचे पैसे घेणाऱ्या घरात मी वाढले आहे. शेवंडीला २० डॉलर पडतात हे मला कळत नाही, असे नव्हे. मला जर “वीस डॉलर जादा पडतील” असे सांगितले असते, तर भावाने ती कदाचित तरीही घेतली असती. त्या लहानशा शब्दाने विक्री कमी होते, हे बोटवाल्यांना ठाऊक आहे, म्हणून तो शब्द उच्चारला जात नाही. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलला.

“ही पद्धत पहिल्यापासूनच आहे” हे आपले विधान मात्र चुकीचे आहे, आणि इथे आपण थोडे वाचन करून लिहायला हवे होते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने केबिनमध्ये जेवण मागवण्यावर ७ डॉलर ९५ सेंटचा आकार २०१५ मध्ये सुरू केला. रॉयल कॅरिबियनने तेवढाच आकार २०१७ मध्ये आणला. कार्निव्हलने तर २०२२ मध्ये तिकिटातच धरलेल्या मुख्य भोजनगृहातही तिसऱ्या मुख्य पदार्थापासून पुढे प्रत्येकी ५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे काल जे ताटात होते ते आज जादा झाले आहे. ज्याने दहा वर्षांपूर्वी क्रूझ केली त्याचा अनुभवसुद्धा आज उपयोगी पडत नाही, मग आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कोणत्या जुन्या पद्धतीवर विसंबावे? या कंपन्यांनी निदान हे आकार जाहीर तरी केले. आमच्या टेबलावर तेही झाले नाही.

एजंटला विचारायला हवे होते, या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही. रात्री आठ वाजता, समुद्रात, बर्फावरच्या शेवंडीसमोर बसून एजंटला विचारता येत नाही.

ठाण्या-मुंबईच्या हॉटेलांबद्दल मात्र आपण वाचकांची दिशाभूल केली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाखालीही लावू नये, असे सांगितले. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, त्या तत्त्वांना काही काळ स्थगितीही होती. परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवली. म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एखाद्या हॉटेलात तो आकार बिलात दिसला, तर तो काढायला सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. “लावतातच” असे म्हणून आपण ज्या गोष्टीवर समाधान मानता, ती मानण्याची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नाही. बोटीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर बहामा किंवा पनामासारख्या देशाचा झेंडा असतो, तिकिटासोबतच्या करारात तंटा कोणत्या देशातल्या न्यायालयात चालेल हे आधीच ठरवलेले असते, आणि आपले कायदे तिथे सहजासहजी पोहोचत नाहीत. म्हणून तर जाणाऱ्याला आधी सावध करणे आवश्यक वाटले आणि मी तो लेख लिहिला. आपण म्हणता तसे ते ‘चाळीस डॉलरचे रडगाणे’ नव्हते. रक्कम चाळीस नव्हती, हे तर आपण वर वाचलेच असेल.

जे जाणार आहेत त्यांना पुन्हा एकदा सांगते. टेबलावर जे काही न मागता पुढे येईल, त्याचा दर तोंडाने विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. पाणी मागताना बाटलीचे नको, पेल्यातले हवे, असे सांगावे. सही करण्यापूर्वी सेवाशुल्काची ओळ शोधावी, आणि ती असल्यास खालच्या रिकाम्या ओळीत आडवी रेघ मारावी. केबिनच्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खर्चाची यादी रोज दिसते, ती रोज रात्री पाहावी. शेवटच्या सकाळी चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागते आणि हाती सामान असते. आम्ही त्या रांगेत पाऊण तास उभे होतो. दुसऱ्या पदार्थाचे १० डॉलर आणि त्यावरचे सेवाशुल्क त्यांनी परत केले. शेवंडीचे आणि पाण्याचे केले नाही.

मेनूकार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि पावतीचे फोटो मी मूळ लेखाखाली आज टाकले आहेत. फोटो मोठे करून पाहता येतात. त्यांत शेवंडीचा दर कुठे छापलेला आहे तो आपण दाखवावा. दाखवलात तर दुरुस्तीत तोही लिहीन, आपल्या उल्लेखासह.