गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे गं बायांनो

आज दुपारी न्यू जर्सीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वीस-बावीस जणी, तिळगूळ, मटार उसळ, दोघी-तिघींच्या काळ्या चंद्रकळा आणि दारात स्नोबुटांचा डोंगर. सगळं छान चाललेलं. मग एक मैत्रीण (नाव घेत नाही, ती वाचतेय आणि तिला कळणारच) उसळ खाता खाता म्हणाली, "अगं ती मिकी का कोण, आपली नवी गव्हर्नर, मंगळवारी शपथ घेतली ना तिने? पण काय गं, गव्हर्नर म्हणजे शेवटी राज्यपालच ना. रिबिनी कापायच्या आणि भाषणं करायची. मी तर नोव्हेंबरला गव्हर्नरच्या व्होटिंगलाच गेले नाही, खरी मजा मिडटर्मला, काँग्रेसच्या निवडणुकीला."

आणि चार-पाच जणींनी माना डोलावल्या!

मी तेव्हा काही बोलले नाही, पाहुणे होते. हातात अत्तरदाणी होती, नाहीतर बोलले असते. आता सगळ्या गेल्या, भांडी मशीनला लावली आणि बसलेय लिहायला, तर ऐका.

ही बाई अकरा वर्षं सिटिझन आहे. टेक्ससचा टेड क्रूझ काय म्हणाला ते हिला पाठ असतं. सिनेटमधे कोण फुटणार, हाउसमधे कितीचं बहुमत, सगळं तोंडावर. आणि स्वतःच्या राज्याच्या गव्हर्नरचं पूर्ण नाव माहीत नाही. मिकी शेरिल. शेरिल! चार महिने तिच्या जाहिरातींनी टीव्ही बघू दिला नव्हता आपल्याला. नेव्हीत हेलिकॉप्टर चालवायची, न्यू जर्सीची दुसरी बाई गव्हर्नर, पहिली क्रिस्टीन टॉड व्हिटमन होती, नव्वदच्या दशकात.

मला वाटतं सगळा घोळ भाषांतराचा आहे. आपण लहानपणी नागरिकशास्त्रात गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असं शिकलो आणि ते चित्र डोक्यातून जातच नाही, मलबार हिलवरचा बंगला, मोर, शपथविधी. इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री! आणि तोही थेट लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री, ज्याला आमदार सांभाळत बसावं लागत नाही, ज्याचं सरकार रात्रीत कोणी गुवाहाटीला घेऊन जाऊ शकत नाही.

(हो, माहितीये, आपले राज्यपालही काही नुसते रिबीनवाले नाहीत, 23 नोव्हेंबर 2019 ची पहाट मी पण विसरलेली नाही, इथे तेव्हा शुक्रवारची रात्र होती आणि आम्ही जेवणं सोडून फोन बघत बसलेलो. विधान परिषदेची ती 12 नावं दाबून बसलेले तेही आठवतंय. पण तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला लागले तर सकाळ होईल.)

आता माझी इडा वादळाची गोष्ट. ज्यांनी शंभर वेळा ऐकलीये त्यांनी एकशे एकाव्यांदा ऐका.

1 सप्टेंबर 2021, बुधवार. गणपतीला नऊ दिवस. बेसमेंटमधे मखर काढून ठेवलेलं, दिव्यांच्या माळा, आईने साताऱ्याहून पाठवलेली समई, चौरंग, सगळं. रात्री नऊला पाणी यायला लागलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून बघतेय तर माझं मखर पाण्यावर तरंगतंय, हळूहळू गोल फिरतंय. विसर्जनच जणू, गणपती यायच्या आधीच. मी रडत होते आणि नवरा सर्किट ब्रेकर शोधत होता. फोन सारखा किंचाळत होता, फ्लॅश फ्लड, फ्लॅश फ्लड. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी, त्यांनी त्या रात्रीच इमर्जन्सी जाहीर केली. सकाळी कळलं की आपण नशीबवान, मॅनव्हिलला तर पुरानंतर गॅसने घरं उडाली. राज्यात तीसेक माणसं गेली त्या एका रात्रीत, कित्येक तर गाडीत अडकून.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? अगदी तेच जे तुम्ही सगळ्यांनी केलं असतं. माझ्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन लावला. कारण डोक्यात आपलं, खासदार म्हणजे मोठा माणूस, दिल्लीत वजन. फोनवर एक तरुण मुलगी होती, फार गोड बोलली, सगळं लिहून घेतलं, आणि मग म्हणाली, मॅडम, आमचे साहेब पाठिंब्याचं पत्र देतील, पण डिझास्टर डिक्लेरेशनची मागणी गव्हर्नरनेच करावी लागते, प्रेसिडेंटकडे. काँग्रेसमन करू शकत नाही. सिनेटरही करू शकत नाही.

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. कायदा आहे तसा, 1988 चा, स्टॅफर्ड अ‍ॅक्ट. गव्हर्नरने लिहून द्यायचं की हे आमच्या आवाक्याबाहेर आहे, मगच वॉशिंग्टनची तिजोरी उघडते. म्हणजे माझ्या घरात तीन फूट चिखल आणि देशाच्या 435 खासदारांपैकी, 100 सिनेटरांपैकी एकाच्याही हातात तो अर्ज करणं नाही. राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमधे बसलेल्या एका माणसाच्या हातात आहे.

मर्फींनी मागितलं, चार-पाच दिवसांत डिक्लेरेशन आलं, सहा काउंट्या (म्हणजे आपले जिल्हे). आमची सॉमरसेट होती, मिडलसेक्स होती. वेस्ट विंडसरची आमची एक मैत्रीण, तिचंही बेसमेंट गेलेलं, तिची मर्सर काउंटी पहिल्या यादीत नव्हती. तिचे ते दिवस आठवा. रोज वेबसाइट रिफ्रेश. मग राज्याने अजून काउंट्यांसाठी मागे लागून त्या घालून घेतल्या, मर्सर त्यात आली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. 7 तारखेला बायडेन स्वतः मॅनव्हिलला येऊन गेले, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. मागणीचं पत्र कोणी पाठवलं ते कोणी बघितलं?

आणि ही म्हणते रिबिनी!

बरं, आता तुम्ही म्हणाल काँग्रेस, म्हणजे इथली संसद, महत्त्वाची नाही का. आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड, टॅक्स सगळं तिकडेच. आमच्या शेजारच्या टाउनहाउसमधला तेलुगू पोरगा, त्याचंही सगळं सामान भिजलं, पण एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) होता म्हणून फेमाचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याचे, पैसे त्याला नाहीत, ते काँग्रेसच्याच कायद्यामुळे. मान्य.

पण मला सांगा, आपण सगळे जिच्याकडे तोंड करून बसलोय त्या काँग्रेसने आपल्यासाठी केलं काय? ग्रीन कार्डांवर दर देशाला 7 टक्क्यांची ती मर्यादा, 1990 चा कायदा, माझं लग्न व्हायच्या आधीचा. जुलै 2019 मधे हाउसने ती काढायचं बिल पास केलं, 365 विरुद्ध 65, आपल्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते आठवतंय? डिसेंबर 2020 मधे सिनेटने वेगळंच रूप पास केलं. दोन्हींचा मेळ बसलाच नाही, सेशन संपलं, बिल मेलं. पेढे मात्र पचले. आणि 2025 च्या सप्टेंबरात एच-वनची एक लाख डॉलरची फी आली ती काय काँग्रेसने आणली? प्रेसिडेंटने एका शुक्रवारी सही केली, आणि लोक एअरपोर्टवरून परत फिरले. आपले खासदार काय करत होते? ट्वीट.

भारतात पैसे पाठवण्यावरचा टॅक्स, त्यावर आपण महिनाभर ग्रुपवर रक्त आटवलं. 5 टक्के होता, मग 3.5 झाला, शेवटी 1 झाला आणि तोही फक्त रोख वगैरे देऊन पाठवणाऱ्यांना. आपल्यापैकी एकीला तरी लागला का? त्या महिनाभरात जून 2025 पासूनची विजेची नवी बिलं येत होती, कोणी बघितली? आमचं तर बघवत नव्हतं. ते दर ठरवणाऱ्या राज्याच्या बोर्डावर माणसं कोण नेमतं? गव्हर्नर. (ग्रिड तेरा राज्यांची आहे, सगळंच तिच्या हातात नाही, हे नवरा मागून सांगतोय. बरं बाबा.) शेरिलबाईंचा अर्धा प्रचारच या बिलांवर होता, उगाच नाही.

न्यू जर्सीचा गव्हर्नर तर इतर राज्यांपेक्षाही वजनदार. 1947 च्या घटनेने तसा मुद्दाम बनवलेला. अ‍ॅटर्नी जनरल तो नेमतो, जज तो नेमतो, काउंटीचे प्रॉसिक्युटर तो नेमतो, हो, राज्याच्या सिनेटची संमती लागते, पण नाव त्याचं. बजेटमधली एखादी ओळ नको वाटली तर तेवढीच खोडू शकतो, अख्खं बजेट परत पाठवायला नको. एनजे ट्रान्झिटच्या (राज्याच्या रेल्वे-बसच्या) बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्सपण व्हेटो करू शकतो! 2025 च्या मे महिन्यात संपामुळे गाड्या बंद होत्या तेव्हा तुमचे नवरे कसे गेले ऑफिसला? सिनेटरला फोन केला होता का कोणी?

आणि वाईट गव्हर्नर आला तर काय होतं तेही बघितलंय. 2017 ची 4 जुलैची सुट्टी, राज्याचं बजेट अडकलं, स्टेट पार्क बंद, बीच बंद, आणि क्रिस क्रिस्टी साहेब बंद बीचवर सहकुटुंब खुर्ची टाकून बसलेले. तो फोटो बघून हसलो आपण. मीपण हसले.

अजून एक, जे बोलले की काही जणी माझ्याशी दोन दिवस बोलणार नाहीत. ऑक्टोबर 2023. कॅलिफोर्नियाचं जातिभेदाविरुद्धचं बिल. दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने पास केलेलं. मी कुठल्या बाजूची ते तुम्हाला माहितीये, बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली मुलगी दुसऱ्या कुठल्या बाजूला असणार. तिथल्या गव्हर्नरने, न्यूसमने, व्हेटो केलं, म्हणे आधीचे कायदे पुरेसे आहेत. एक माणूस. एक पत्र. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना त्या रात्री आनंद झाला त्यांनी तरी गव्हर्नर शोभेचा असतो असं म्हणू नये, एवढंच.

आपला न्यू जर्सीचा सिनेटर कोरी बुकर 2025 मधे सिनेटमधे 25 तास उभा राहून बोलला. मी ऑफिसात एका कानात लावून ऐकलं, डोळ्यात पाणी आलं, आपला माणूस म्हणून छाती फुगली. दुसऱ्या दिवशी काय बदललं? मला वाईट वाटतंय हे लिहिताना, कारण तो मला आवडतो. पण 100 मधला एक आहे तो. आणि 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे 43 दिवस त्यांना सरकारच उघडं ठेवता आलं नाही.

शेरिल स्वतः काँग्रेसमधे होती की! सात वर्षं. तिकडे व्हर्जिनियाची स्पॅनबर्गर, तीपण काँग्रेसमधली. दोघी एकाच दिवशी गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. ज्या आत बसून आल्यात त्या बाया ती खुर्ची सोडून इकडे येतायत आणि आपण बाहेरून म्हणतोय की खरी मजा तिकडे. आता यावर कोणी म्हणेल की गव्हर्नर होऊन पुढे प्रेसिडेंट व्हायचंय त्यांना. असेल. होऊ देत की.

चहा करून आणला. जरा शांत झालेय.

वर लिहिलेलं वाचलं आणि एक सांगायचं राहिलं ते लक्षात आलं. इडानंतरच्या शनिवारी, रस्ते जेमतेम उघडले होते, सकाळी सातला दाराची बेल वाजली. दारात हीच, आज रिबिनी म्हणणारी, नवऱ्याला घेऊन, एडिसनहून. हातात वेट व्हॅक, रबरी बूट, आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी. दिवसभर दोघांनी आमच्याबरोबर चिखल काढला. समई तिनेच शोधून काढली, वॉटर हीटरच्या मागे, चिंचेने घासून लख्ख करून दिली. नंतर फेमाचा फॉर्म भरताना मी फोनवर ताटकळत होते तेव्हा माझ्या पोरांना जेवायला तिने घातलं. त्या आठवड्यात गव्हर्नर नाही आला माझ्या घरी, ही आली.

म्हणून जास्त राग येतो. कारण तिने तो चिखल स्वतःच्या हाताने काढलाय. ती अर्जाच्या वेळी शेजारी बसलेली. तरी तिला नाही दिसत की तो अर्ज करता आला तो कुणाच्या सहीमुळे. आणि खरं सांगायचं तर मलाही नसतं दिसलं, त्या ऑफिसमधल्या मुलीने सांगितलं नसतं तर. 2017 च्या गव्हर्नर इलेक्शनला मीपण नव्हते गेले. नवी सिटिझन होते, मला वाटलं ऑफ इयर म्हणजे काहीतरी लहान असतं.

तर बाई, तुला 2029 च्या गव्हर्नर इलेक्शनला मी स्वतः गाडीत घालून नेणार आहे, मिडटर्मला जा नाहीतर नको जाऊ (जा, जा, तीपण जा).

आणि आज येताना तू जे आणलंस ते आत्ता उघडून बघितलं. मला वाटलं ताटल्या असतील. चारी बाजूंनी क्लिप लागणारा, पाणी आत न जाणारा मोठा डबा, त्यावर मार्करने तुझ्या त्या वाकड्या अक्षरात "मखर". नवं मखर बसतंय त्यात, घड्या घालून. दिव्यांच्या माळांना मात्र जागा उरत नाहीये.